चिंगी आणि रविवारचा क्लास

आमची चिंगी तीन किलोची पॉमेरेनियन, कुत्र्यांच्या ट्रेनिंग क्लासमध्ये बाकी सगळे लॅब (लॅब्रॅडॉर) नि जर्मन शेफर्ड, मग काय, पहिल्या रविवारी रंकाळ्याजवळच्या ग्राउंडवर शेपूट पोटाखाली घालून माझ्या कोल्हापुरी चपलेवरच बसली. उकडलेलं चिकन नाकाजवळ धरलं तरी तोंड फिरवलं, आणि घरात हीच कुकरच्या शिट्ट्या मोजत बसते! म्हणजे लईच घाबरली होती. ट्रेनर म्हणाले ओढत आत आणा, सवय होईल. मी नाही आणलं. गेटपाशी वीसेक पावलं लांब बसलो दोघी, तिनं लॅबकडं शांत बघितलं की एक तुकडा, जांभया द्यायला, ओठ चाटायला लागली की अजून मागं (ती जांभई झोपेची नसते हं, टेन्शनची). चौथ्या रविवारी स्वतःहून पाच पावलं पुढं गेली. लॅब शिंकला. परत चपलेवर.