गालिच्याला गालबोट

मला गालिच्यांचं वेड आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात, "पूर्णत्व फक्त देवाचं, म्हणून इराणी विणकर मुद्दाम एक चूक ठेवतात म्हणे. खरं का?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: मला ते फारसं पटत नाही. बाळाला तीट लावावी तशी ही कल्पना गोड आहे, आणि विकणाऱ्याच्या फार सोयीची.

जुना गालिचा उलटा करून बघा. ताण्याच्या दोन उभ्या धाग्यांभोवती लोकर गुंडाळायची, सुरीने कापायची, ओळ भरली की आडवा धागा घालून फणीने ठोकायचं. महिनोन्‌महिने हे चाललं की चुका आपसूक होतात, मुद्दाम कशाला करायच्या? मधेच लाल रंग फिका पडतो, ती तर चूकही नव्हे. मंजिष्ठेत रंगवलेली लोकर संपली आणि पुढच्या घाण्याला तोच लाल उतरला नाही, एवढंच. याला अब्रश म्हणतात. मला तोच पट्टा सगळ्यात आवडतो.

माझं मत डळमळतं ते इराणमधल्या अर्दबील गावच्या गालिच्यापाशी. शेख सफीउद्दीन या सूफी संताच्या दर्ग्यातला हा गालिचा १८९३ मध्ये लंडनच्या आताच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २००० पौंडांना घेतला. लांबी साडेदहा मीटर, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५३ गाठी, रंग फक्त दहा. जोडीचा दुसरा गालिचा कापून याची डागडुजी केली. तो उरलासुरला आता लॉस एंजेलिसला आहे. एका टोकाला फारसी कवी हाफिजच्या ओळी, खाली काम करणारा म्हणून मकसूद काशानीचं नाव आणि हिजरी सन ९४६, म्हणजे १५३९-४०.

मधल्या पदकाच्या, म्हणजे मोठ्या गोल नक्षीच्या, दोन्ही बाजूंना एकेक दिवा लोंबतो. एक मोठा, एक लहान! ही काही हातचूक नव्हे, ठरवूनच केलेलं दिसतं. गालबोटवाले इथेच बोट ठेवतात. दुसरे म्हणतात, लहान दिव्यापाशी बसलं की लांबचा मोठा दिवा त्याच्याएवढाच दिसावा, म्हणून हा फरक. पण त्या काळच्या इराणी कामात असा दृष्टिभ्रम दुसरीकडे आढळत नाही.

रंग विटू नयेत म्हणून लंडनच्या त्या संग्रहालयात दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटं उजेड करतात. मी काचेबाहेर, लहान दिव्याच्या बाजूला उकिडवी बसले. रखवालदार बघत होता. एक डोळा मिटला, मान वाकडी केली. दिवे सारखे वाटायला लागले, निदान मला तसं वाटलं, तेवढ्यात उजेड मंदावला. पुढचा अर्धा तास मी तिथेच थांबले.