उंदराच्या हाती तलवार

सयाजीराव महाराजांनी १९१० साली सुरू केलेल्या, बडोद्यातील मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात आज भाचीला घेऊन गेले होते. तिथे तिने उंदीर-योद्ध्यांची एक जाडजूड कादंबरी उघडली आणि काही पानांनंतर दबक्या आवाजात विचारले, "मावशी, हा मरणार नाही ना?" पंचतंत्रातल्या कोल्ह्याविषयी असा प्रश्न तिने कधी विचारला नव्हता, कारण तिथला प्राणी नीती सांगण्यापुरता येतो, इथे मात्र तो भितो, भुकेजतो, वाट चुकतो आणि आकाराने लहान असल्यामुळे मुलांना आपल्यातलाच वाटतो.

ती कादंबरी होती 'रेडवॉल' (१९८६). लिव्हरपूलमध्ये दूध पोहोचवणारे ब्रायन जेक्स अंधशाळेतील मुलांना गोष्टी वाचून दाखवत असत आणि ही कथा त्यांनी त्या मुलांसाठीच लिहिली, म्हणून तिच्यात वास, चव आणि आवाज यांची इतकी रेलचेल आहे. त्यातल्या मेजवान्या वाचून मला तर भूकच लागते! रिचर्ड अ‍ॅडम्स यांच्या 'वॉटरशिप डाउन'मधील (१९७२) ससे त्याहून अस्सल वाटतात, कारण बोलत असले तरी ते बिळात राहणारे, सावलीलाही दचकणारे ससेच राहतात. तीही कथा त्यांनी आधी मोटारीच्या प्रवासात आपल्या मुलींना सांगितली होती.

'रेडवॉल'मध्ये घुशी आणि वीझल, फेरेट असे मुंगसासारखे दिसणारे प्राणी बहुधा जन्मजातच दुष्ट ठरतात, हे मात्र मला खटकते. भाचीला अजिबात खटकले नाही. तिला तलवार कुठे लपवली आहे, एवढेच जाणून घ्यायचे होते.