दुसरी खिडकी

शनिवार, पणजी

जुन्या गोव्यात बाँ जेझू चर्चसमोर पर्यटकांच्या बसगाड्या खच्चून उभ्या होत्या. त्या मानाने मोंते सांतो टेकडी चढून येणारे अगदी मोजके. तेही सेंट ऑगस्टिनच्या अर्ध्या उरलेल्या मनोऱ्यापुढे फोटो काढतात आणि उतरतात. मला बघायचा होता पुरातत्त्व खात्याने उकरून काढलेला मागचा मठ.

ऑगस्टिनियन पाद्री गोव्यात आले १५७२ साली. इराणला धर्मप्रसारासाठी गेलेले पाद्रीही इथूनच निघाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. जांभ्याच्या बांधकामावरचं छप्पर गेलं की पाऊस त्याचं काय करतो, हे आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना कुणी सांगायला नको.

या ढिगाऱ्यात शोधायची होती जॉर्जियाची राणी केतेवान. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराझला तिचा छळ करून जीव घेतला. पाद्र्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यातले काही १६२७ मध्ये इथे आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांत ठिकाणही दिलं होतं: मठातल्या सभागृहाची दुसरी खिडकी, तिथे काळ्या दगडाची पेटी.

पत्ता एवढा नेमका, पण भिंतच जागेवर नाही तर खिडक्या मोजणार कशा? १९८९ पासून खात्याने इथलं डबर उपसायला घेतलं. आधी मठाचा आराखडा उलगडायचा, मग सभागृह कुठलं ते ठरवायचं, मग खिडकी. हाताचं हाड मिळायला २००४ उजाडलं.

पुढचं काम हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचं. आईकडून येणाऱ्या डीएनएचा गट निघाला यू१बी; तो भारतात आढळत नाही, जॉर्जियात आढळतो. बातम्यांत गाजली ती ही डीएनएची गोष्ट. मला विचाराल तर मोठं काम घमेल्यांचंच. पायाखाली थडग्यांच्या कोरीव शिळाच शिळा आहेत. इथे हाडांना काय तोटा? खिडकी सापडली नसती तर कुठलं हाड तपासायचं, तेच कळलं नसतं.

एका भिंतीवर कमरेच्या उंचीवर पोर्तुगीज फरशांचे थोडे तुकडे अजून टिकून आहेत. निळा रंग लख्ख आहे, कडा मात्र चुन्यातून सुटू लागल्यात. कुणी नखाने उचकटली तरी निघेल, आणि अडवायला आसपास कुणीही नव्हतं. याचा राग आला.

जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तिबिलिसीत जाऊन अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या हवाली केला. बरंच झालं. तिकडे ती संत आहे, इकडे तिचं नाव किती जणांना ठाऊक?

मनोऱ्यातली घंटा १८७१ पासून पणजीच्या चर्चमध्ये आहे. उद्या सकाळी ती बघायची आणि दुपारची कदंबा बस पकडायची.