आमची वाटचाल: मोटरीपासून धरणाच्या दारापर्यंत

वर्कशॉपच्या पाटीवर 'मोटर रिवाइंडिंग' आजही मोठ्या अक्षरात आहे आणि 'पाण्याखालची कामे' खाली बारीक. कमाई कधीच उलटी झाली, पण पाटी बदलू द्यायला मामा तयार नव्हते. मोटरवाल्याकडे माणूस रोज येतो, पाणबुड्याकडे अडल्यावरच येतो, असा त्यांचा हिशेब.

मामा पैठणचे, भोयाच्या घरातले. नात्याने माझे कोणी नाहीत. सगळा गाव त्यांना मामाच म्हणायचा. आमच्याकडे जळालेल्या मोटरी यायच्या, तशाच विहिरीत पडलेल्या मोटरींच्या तक्रारीही यायच्या. दोर तुटला, पाइपासकट सबमर्सिबल तळाला. शेतकरी दिवसभर गळ टाकून बसायचे आणि वायर तोडून घ्यायचे. मामा दम धरून खाली जायचे, गाळात चाचपून मोटरीच्या कड्याला आकडा अडकवायचे आणि वर येऊन म्हणायचे, "ओढा." तिपाई आणि चेन पुली माझी, दम त्यांचा. पैसे निम्मे-निम्मे. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, त्यामुळे पुढे लोकांनी त्यांना माझा 'कामगार' म्हटलं. ते मला अजून झोंबतं.

स्कुबाचा, म्हणजे पाठीवर टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घ्यायचा, पहिला सेट मालवणच्या एका डायव्हरकडून जुना घेतला. ॲल्युमिनियमची टाकी, दोनशे बार दाबाची. टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर घासलेला, पण व्हॉल्व्ह शाबूत. टाकी भरायला मुंबईला पाठवावी लागे, म्हणून कर्ज काढून टाकीत हवा दाबून भरणारा जुना बावर कंप्रेसर आणला. मशीन कसलं, सोनं आहे. पण त्याचा फिल्टर वेळेवर बदला आणि हवा ओढायचा पाइप इंजिनाच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. टाकी पूर्ण रिकामी करू नका, पन्नास बार राहू द्या. आणि मे महिन्यात भरलेली टाकी गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्याला माझ्या दुकानात हवा मिळत नाही.

समुद्रावरची मंडळी इकडे आली की सुरुवातीला हसायची. तळं ते काय! मग नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्यात, एकदा उतरली की गप्प. तिथे खाली स्वतःचा हात दिसत नाही. खाली जायला कमरेला बांधायचं शिसं गोड्या पाण्यात दोन-अडीच किलो कमी लागतं, हे पट्टा बांधल्यावर कळतं. शिवाय जायकवाडी भरतं १५२२ फुटांवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर. किती खोलीवर किती वेळ थांबायचं, याचं समुद्रासाठी बनवलेलं डायव्हिंगचं कोष्टक इथे जसंच्या तसं चालत नाही. मामांना इंग्रजी येत नव्हतं, पण हे कोष्टक त्यांनी माझ्याकडून तीनदा समजून घेतलं आणि दुरुस्तीचे आकडे टाकीवर ऑइलपेंटने लिहून ठेवले.

मधली वर्षं काय सांगायची. मोटरी निघत राहिल्या, जॅकवेलच्या (पाणी उपसायच्या विहिरीच्या) जाळ्या साफ होत राहिल्या, हप्ते फिटत राहिले. दुष्काळात आमचा धंदा बसतो हे मात्र लोकांना खरं वाटत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हा विहिरींचे तळ उघडे पडले होते. पडलेली मोटर पोरगंसुद्धा शिडीने उतरून काढत होतं. पाणबुड्याला कोण विचारतो?

आता मूळ गोष्ट.

आमच्याच दुकानातून टाक्या भरून नेणारा एक जण होता. त्याने स्वतःचा कंप्रेसर घेतला आणि आमच्या निम्म्या दरात कामं धरायला लागला. निम्मा दर कसा परवडतो, याचं गुपित काही नाही. पाण्याखालच्या कामाला किमान तीन माणसं लागतात: एक खाली, एक दोरावर, आणि एक भरलेल्या टाकीसह अंगात सूट घालून काठावर तयार. त्याने नंतरची दोन काढून टाकली.

त्या वर्षी एका सरकारी कार्यालयात माझी बिलं अडकली होती. मामांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. त्याने ऊसतोड मुकादमासारखी उचल दिली, आणि मामा एका हंगामासाठी त्याच्याकडे गेले. जाताना मला म्हणाले, "भाऊ, दिवाळीपर्यंतच. माझा दोर ठिवा जागेवर."

पाऊस संपल्यावर कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं बसवतात. एका बंधाऱ्यावर एक दार पुरतं बसेना. खाली लाकूड अडकलेलं आणि फटीतून पाणी धावत होतं. वरच्या बाजूला तीन मीटर पाणी, खालची बाजू कोरडी. मामांना वरच्या बाजूने खाली पाठवलं. ते फटीला छातीने चिकटले.

गावात म्हणाले, पाण्याने नेलं. कोणी म्हणाले, वेळ भरली होती. पेपरात आलं, 'पट्टीचा पोहणारा बुडाला'. मी हिशेब सांगतो. तीन मीटर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला तीन टन. फट एक चौरस फुटाची धरली, तरी पावणेतीनशे किलोचा जोर. तिथे पोहण्याचा काय संबंध? बारा लिटरची टाकी दोनशे बारला भरली तर चोवीसशे लिटर हवा होते. धडपडणारा माणूस तेवढ्या खोलीवर ती पाऊण तास तरी पुरवतो. पाऊण तास! तेवढ्यात दुसऱ्या माणसाने दुसरी टाकी खाली नेली असती, शेजारची दारं उचलून पाणी उतरवलं असतं. पण वर दोर धरणारा नव्हता, म्हणून मामा अडकलेत हे कळायलाच वेळ गेला. दुसरी टाकी गाडीत होती, रिकामी.

दशक्रिया पैठणलाच झाली. मालवणहून चार डायव्हर रात्रीच्या गाडीने आले. नांदेडचे जीवरक्षक आले, विष्णुपुरी धरणातून बुडालेली माणसं काढणारी पोरं. वाळूज-चिकलठाण्याकडचे टाक्यांचे व्हॉल्व्ह दुरुस्त करणारे आले. घाटावर बसून सगळे एकच बोलत होते: फट किती होती, टाकीचा गेज किती दाखवत होता, शिशाचा बेल्ट सोडला होता का. बाहेरच्या माणसाला ते कोरडं वाटलं असेल. आम्हा लोकांचं रडणं असंच असतं.

कावळा शिवेना. मुलीचं लग्न करू म्हणून झालं, घराचं कर्ज फेडू म्हणून झालं. नांदेडचा एक पोरगा उठून मोठ्याने म्हणाला, "मामा, दोरावर माणूस असल्याबिगर आमच्यातला कोणीच उतरणार न्हाई." मग शिवला. योगायोग म्हणा, माझं म्हणणं नाही. तो उचलवाला मागे उभा होता. जेवायला थांबला नाही.

त्यानंतर दुकान बुडायचंच राहिलं होतं. आमच्याकडच्या पोरांच्या आया येऊन त्यांना घेऊन गेल्या. कंप्रेसरचा हप्ता चालू, पाण्यात उतरायला माणूस नाही. मी वेल्डिंग सेट विकला, मग मोटरसायकल. काही गिऱ्हाइकं 'तुमच्याच माणसाचं झालं ना?' असं विचारून फोन ठेवायची. माझ्या माणसाचं झालं, पण माझ्या कामावर नाही, हे किती जणांना समजावणार?

पाचोडचे एक मोसंबीवाले मात्र हलले नाहीत. पाणी तोडून ताणावर ठेवलेल्या बागेला जानेवारीत आंबे बहाराचं (फुलोऱ्यासाठीचं) पहिलं पाणी द्यायचं आणि नेमकी मोटर विहिरीत. उचलवाल्याने फुकट काढून देतो म्हणून निरोप धाडला. यांनी नकार दिला आणि मला म्हणाले, "बाग ताणावरच हाय. आठ दिस जास्त ताण बसला तर मरत न्हाई. माणसं जमवा, मग या." मालवणचा एक डायव्हर आणि नांदेडची ती पोरं आली, मोटर निघाली. त्याच टोळीतून आजची आमची टीम उभी आहे.

आता नियम ठरलेले आहेत. दोर: एक झटका ठीक, दोन म्हणजे ढील द्या, चार म्हणजे ओढा. दाराजवळ काम असेल तर दोन्ही बाजूंचं पाणी समान झाल्याशिवाय उतरायचं नाही. गेट विजेचं असेल तर पॅनेलचा फ्यूज काढून डायव्हरच्याच माणसाच्या खिशात. नव्या मंडळींना सांगतो, साहेबाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. साहेब चहाला गेला की ऑपरेटर बटण दाबतो.

कोटेशनमध्ये आम्ही 'दोरावरचा माणूस' आणि 'राखीव डायव्हर' या दोन ओळी वेगळ्या दाखवतो, रकमेसकट. मागच्या महिन्यात एका साहेबांनी दोन्ही ओळी लाल पेनने खोडून कागद परत पाठवला. मी सही केली नाही. काम दुसऱ्याला गेलं. कोणाला, ते पैठणात सगळ्यांना माहीत आहे.