शेवटी तंबाखूच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"एवढं शिकून शेवटी तंबाखूच?" निपाणीला गेले की कुणीतरी विचारतंच, आणि मी दरवेळी विषय बदलते. आज नाही बदलत.

हो, तंबाखूच. त्याच्या पानांत माणसाच्या औषधाचं प्रोटीन तयार करायचं, हे माझं संशोधन. पानाच्या तुकड्यातून अख्खं झाड उभं राहतं, पाला भरपूर, आणि कुणाच्या ताटात जात नाही. झाडाच्या क्लोरोप्लास्टमध्ये, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, बाहेरून दिलेला डीएनए कायमचा बसवणं 1990 साली तंबाखूतच पहिल्यांदा जमलं, 2000 साली त्यातच माणसाचं ग्रोथ हॉर्मोन तयार झालं, पानातल्या विरघळणाऱ्या प्रोटीनच्या 7 टक्क्यांपर्यंत! पानाच्या एका पेशीत क्लोरोप्लास्टच्या डीएनएच्या 10 हजारांपर्यंत कॉप्या असतात, म्हणून एवढं निघतं.

पण तुम्हाला टोचतंय ते वेगळं, "औषध येणार" असं आमच्या आप्पांनी सांगितलं होतं ना. ते माझ्यामुळे. पीएचडीचं दुसरं वर्ष, सोन्याच्या कणांवर डीएनए चढवून जीन गनने पानांवर मारलेला, स्पेक्टिनोमायसिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर (जीन न बसलेला तुकडा तिथे सहसा पांढरा पडतो) सगळे तुकडे पांढरे पडलेले, आणि सहाव्या आठवड्यात एका तुकड्यावर हिरवा ठिपका. रात्रीच फोन केला, "आप्पा, लागलं!" त्यांनी दुसऱ्या दिवशी वखारीत सगळ्यांना सांगितलं. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या चाचणीत, फिकट पट्टी आली, तिलाच धरून मी पाच महिने रोपं वाढवली. मग एका सीनियरने विचारलं, स्ट्रेप्टोमायसिनवर, म्हणजे दुसऱ्या अँटिबायोटिकवर, टाकून बघितलंस? नव्हतं बघितलं. आमचा मार्कर जीन, म्हणजे ओळख पटवायला सोबत घातलेला, दोन्ही अँटिबायोटिक पचवतो, तंबाखूत आपोआप झालेलं म्युटेशन, म्हणजे डीएनएतला बदल, सहसा फक्त स्पेक्टिनोमायसिन. टाकले तुकडे, तीन आठवड्यांत पांढरेफटक. जीन आत गेलाच नव्हता, झाडाच्याच रायबोसोमच्या (पेशीत प्रोटीन बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएत एक अक्षर बदललं होतं. आणि हे मला माहीत होतं हो, वाचलेलं होतं, घाई केली. पण पहिला हिरवा कोंब बघून घाई न करणारं कोण असतं, हेही म्हणावंसं वाटतं.

रोपं ऑटोक्लेव्हच्या वाफेत मारून टाकली. आप्पा फोनवर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "वखारीत काय सांगू?"

त्यानंतर जीन खरंच बसलेली रोपं मिळाली, क्लोरोप्लास्टच्या डीएनएची जुनी कॉपी एकही न उरलेली, प्रोटीनही निघालं. तेव्हाची मी म्हणाली असती, झालं की! पण क्लोरोप्लास्ट प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या चढवत नाही, माणसाच्या बऱ्याच प्रोटीनना त्या लागतात, आणि पाल्यातून प्रोटीन शुद्ध करायचा खर्च वेगळाच. म्हणून काम फुकट? तसं नाही वाटत मला. कधीकधी वाटतंही.

गेल्या खेपेला आप्पांनी विचारलं, "पण हा पाला घेणार कोण गं?" आयुष्यभर तंबाखू विकलेल्या माणसाचा प्रश्न, त्याचं उत्तर मी अजून दिलेलं नाही.