पाण्याचं शून्य

रोज सकाळी साडेआठला माझा पहिला पेशंट म्हणजे पाण्याने भरलेला प्लास्टिकचा डबा. फँटम म्हणतात त्याला. टेबलावर ठेवायचा, स्कॅन करायचा, पडद्यावर मधोमध गोल काढायचा आणि आकडा बघायचा. पाणी शून्य आलं पाहिजे. चार-पाच इकडेतिकडे चालतं, पुढे नाही. मिरजेत सीटी टेक्निशियन म्हणून १४ वर्षं झाली, पण या कामाकडे मी दात घासण्याइतकंच लक्ष द्यायचे.

मार्चमध्ये मामांना रात्री कळ उठली. मामा म्हणजे माझे सासरे. मुतखडा हा त्यांचा जुना पाहुणा, म्हणून सकाळी आमच्याच सेंटरवर आणलं.

"रंगाचं इंजेक्शन न्हाई न्हवं?"

"नाही मामा, खड्याला प्लेनच करतात."

खडा सापडला, ५ मिलिमीटरचा. पण स्लाइस वर सरकवताना डाव्या किडनीच्या माथ्याशी माउसवरचा हात थांबला. अॅड्रिनल ग्रंथी तिथे उलट्या वाय अक्षरासारखी दिसते, दोन बारीक पाय पसरलेली. त्यातला एक पाय गोल फुगला होता. १८ मिलिमीटर.

अशा गाठी आम्हाला नवीन नाहीत. खड्यासाठी, अपेंडिक्ससाठी स्कॅन करावा आणि ही मधेच निघावी, हे नेहमीचं. पण मी पेशंटच्या सुनेच्या नजरेने ती पहिल्यांदा बघत होते.

रेडिओलॉजिस्ट मॅडमनी कडा सोडून गाठीच्या आत गोल काढला. आकडा आला ६.

एक्स-रे किती अडतो ते सांगणाऱ्या या आकड्याला हाउन्सफील्ड युनिट म्हणतात. सीटी मशीन बनवणारे इंग्लंडचे इंजिनिअर गॉडफ्रे हाउन्सफील्ड, १९७९चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी साधारण उणे १००. अॅड्रिनलच्या साध्या गाठीत, म्हणजे अॅडिनोमात, पेशी हॉर्मोन बनवायला लागणारी चरबी साठवून ठेवतात, त्यामुळे तिचा आकडा खाली ओढला जातो. गाठ सगळीकडे एकसारखी आणि प्लेनमध्ये १० किंवा त्याखाली असेल, तर ती कॅन्सरची नाही असं धरतात. कॉन्ट्रास्ट, म्हणजे रंगाचं इंजेक्शन, गेला की आकडा चढतो आणि हा पुरावा पुसला जातो. तरी लोकांना वाटतं, इंजेक्शनवाला स्कॅन भारी आणि प्लेन म्हणजे गरिबाचा.

६ आणि १०. मधे फक्त चार. मी उठून सकाळची नोंदवही उघडली. त्या दिवशी पाणी ०.४ आलं होतं. पाणीच पाचने सरकलं असतं तर मामांचा आकडा कुठे गेला असता, हा विचार तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला.

आकडा दहाच्या वर असला की काम वाढतं. गेल्या वर्षी एका बाईंची गाठ प्लेनमध्ये २८ होती. इंजेक्शननंतर मिनिटभराने ९२, पंधरा मिनिटांनी ५०. चढलेल्या ६४ पैकी ४२ उतरले, म्हणजे ६६ टक्के. रंग ६०च्या वर धुऊन गेला की अॅडिनोमाकडे झुकतं माप देतात. पण फिओ, म्हणजे अॅड्रेनलिनसारखी रसायनं सोडणारी गाठ, कधीकधी असंच धुऊन दाखवते आणि फसवते. म्हणून त्या बाईंची मेटानेफ्रिनची, म्हणजे त्या रसायनांपासून बनणाऱ्या पदार्थांची, तपासणीही झाली.

संध्याकाळी पुण्याहून धाकट्या दिरांचा फोन. "वहिनी, डाय टाकून परत करा. नाहीतर सरळ सुई घालून तुकडा काढा." त्यांना सांगितलं, भावोजी, अॅड्रिनलला उठसूट सुई लावत नाहीत. फिओ असेल आणि तिला टोचलं तर बीपी आभाळाला टेकतं. आणि आकडा ६ असताना डाय कशाला?

मग सासूबाईंनी ट्रंकेतून जुनी सीडी काढली, २०१९च्या खड्याची. रिपोर्टमध्ये फक्त खडा. सीडी लावली तर गाठ तेव्हाही तिथेच बसलेली, १७ मिलिमीटर. कुणी लिहिलीच नव्हती. राग आला, पण इतक्या वर्षांत ती फारशी वाढलेली नाही हे कळायला तीच सीडी कामी आली. जुन्या फिल्मा, सीडी रद्दीत घालू नका हो.

स्कॅनला गाठ कशाची आहे ते कळतं, ती काय उद्योग करते ते नाही. त्यासाठी रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी आणि सकाळी आठला रक्त. नऊला घोरणाऱ्या माणसाला अकरापर्यंत जागं ठेवणं हीच खरी परीक्षा होती. कॉर्टिसॉल हे अॅड्रिनलचं हॉर्मोन, या गोळीने ते दबायला हवं. ते १.१ आलं, १.८च्या आत. मामांना बीपी आहे म्हणून बीपीशी संबंधित अल्डोस्टेरॉन आणि रेनिनही पाहिलं, ठीक निघालं. डॉक्टरांनी लिहिलं: या गाठीसाठी पुन्हा स्कॅनची गरज नाही.

खडा पाचव्या दिवशी पडला. मामांनी तो काडेपेटीत ठेवलाय, आल्यागेल्याला दाखवतात. गाठीचं मात्र कुणाला सांगत नाहीत. म्हणतात, दाखवायला काय हाय तिथं?