मिरिस्साचा शनिवार-रविवार आणि पंचेचाळीस हजारांची व्हॅन

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिस्साला मित्रांबरोबर दोन रात्री काढायच्या असतील, तर विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी भिंतीवरची दिनदर्शिका पाहावी. हा सल्ला मला आईने आधीच दिला होता आणि मी तो कानाआड केला. आम्ही १४ डिसेंबर २०२४ चा शनिवार ठरवला, तेव्हा ती एवढेच म्हणाली होती, की "अरे, त्या दिवशी दत्तजयंती आहे, नेमका तोच दिवस कसा सापडला तुम्हांला?" दत्तजयंती म्हणजे मार्गशीर्षातली पौर्णिमा, आणि श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमा ही पोया म्हणून पाळली जाते. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, देवळे गर्दीने फुलतात आणि देशभर दारूची विक्री बंद असते. अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन त्या बेटावर आली, तिच्या स्मरणार्थ डिसेंबरातली पोया पाळतात, हेही आम्हांला तिथे पोचल्यावर कळले. आमच्यापैकी दोघांनी महिनाभर ज्या बिअरची स्वप्ने पाहिली होती, ते दोघे दारूबंदीच्या गुजरातेतून निघून चांगले दोन हजार किलोमीटर दूर पुन्हा दारूबंदीतच उतरले. त्यांचे दुःख त्यांच्यापाशी राहो. माझी तक्रार वेगळी आहे, कारण त्याच पौर्णिमेच्या आधाराने आम्हांला विमानतळाच्या दारातच लुबाडण्यात आले.

बडोद्याहून थेट विमान नसल्यामुळे आम्ही पाचजण शुक्रवारी दुपारच्या गाडीने मुंबईला गेलो, मध्यरात्रीनंतर विमानात बसलो आणि पहाटे कोलंबोच्या विमानतळावर उतरलो. विमानप्रवास अडीच तासांच्या आसपास आहे आणि घड्याळ बदलावे लागत नाही, त्यामुळे देश बदलल्याची जाणीव शरीराला होत नाही. झोप न झाल्याची मात्र चांगलीच होते. ईटीए नावाची प्रवेशपरवानगी आधीच काढून ठेवावी आणि ती सरकारी संकेतस्थळावरूनच काढावी, कारण शोध घेतल्यावर वरच दिसणारी मिळत्याजुळत्या नावाची खासगी संकेतस्थळे सेवाशुल्क म्हणून वाटेल ती रक्कम लावतात. आमच्यातल्या एकीने ती भरली आणि मुंबईपर्यंत कोणाला सांगितले नाही.

आता त्या व्हॅनविषयी. आगमनकक्षाच्या बाहेर पडताच स्वच्छ शर्ट घातलेला, उत्तम इंग्रजी बोलणारा एक गृहस्थ आमच्याजवळ आला आणि त्याने आम्हांला सांगितले, की आज पोया असल्यामुळे बस नाही, रेल्वेही नाही, आणि मिरिस्सा तर इथून १८० किलोमीटर आहे. यातले अंतर बरोबर होते आणि पोयाही खरी होती. भ्रमणध्वनीवर शोधून आम्ही पोयाची खात्री करून घेतली, आणि एक गोष्ट खरी निघाल्यामुळे उरलेल्या दोन्ही खऱ्या मानून त्याची व्हॅन ठरवून टाकली. वास्तविक पोयाच्या दिवशी बसगाड्या आणि रेल्वे दोन्ही चालू असतात; त्यांना गर्दी अधिक असते, एवढाच फरक. हे आम्हांला समजले ते दुपारी, एका रेल्वे फाटकावर थांबलो असताना, समोरून माणसांनी ओसंडून वाहणारी गाडी धडधडत गेली तेव्हा.

फाटकाचीच गोष्ट मुळात विचित्र होती. तीस हजार श्रीलंकन रुपये ठरले होते ते संपूर्ण प्रवास एक्सप्रेसवेने करण्याचे, आणि सुरुवातीला विमानतळापासून कोलंबोपर्यंत गाडी खरोखरच एक्सप्रेसवेने गेली, त्यामुळे आम्ही निर्धास्त झोपलो. जाग आली तेव्हा उजव्या हाताला समुद्र होता, डाव्या हाताला दुकाने होती, रस्त्यात सायकलवाले होते आणि पुढे फाटक बंद होते. अहमदाबाद-बडोदे एक्सप्रेसवेवर ज्याने एकदा तरी प्रवास केला आहे, त्याला एक्सप्रेसवेवर रेल्वे फाटक येत नाही हे सांगावे लागत नाही. चालकाने आम्हांला जुन्या गाले रस्त्याने आणले होते, म्हणजे टोल वाचवला होता, आणि त्याच टोलचे सहा हजार रुपये त्याने शेवटी आमच्याकडून वेगळे मागितले. न्याहारीसाठी तो स्वतःच्या पसंतीच्या उपाहारगृहासमोर थांबला होता, त्या थांब्याचे पाच हजार लावले, आणि पोयाच्या दिवशी काम केल्याचे चार हजार. असे पंचेचाळीस हजार झाले. त्या वेळच्या दराने हे आपले तेरा हजारांच्या वर होतात. ज्या प्रवासाला एक्सप्रेसवेने सुमारे तीन तास लागले असते, त्याला साडेपाच तास लागले, आणि आम्ही मिरिस्साला पोचलो तेव्हा अर्धा शनिवार संपला होता.

आम्ही भांडलो नाही असे नाही. परंतु सामान व्हॅनच्या मागच्या भागात कुलूपबंद असताना आणि पाचजणांपैकी दोघांना गाडी लागलेली असताना भांडणात जोर राहत नाही. त्यात यूपीआय चालेल या भरवशावर आम्ही रोख रक्कम बेताचीच घेतली होती. श्रीलंकेत यूपीआय फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले हे खरे, पण ते मोठ्या दुकानांपुरते समजावे. आमच्या चालकाने तो शब्द ऐकून हसून मान हलवली आणि आम्हांला एटीएमपाशी उतरवले.

मागाहून जाणाऱ्यांनी हे असे करावे. व्हॅन घ्यायचीच असेल, तर "एक्सप्रेसवेने" एवढे म्हणू नये, मार्ग बोलून घ्यावा: विमानतळावरून कोलंबो शहरात न शिरता बाहेरच्या वर्तुळाकार एक्सप्रेसवेने दक्षिणेच्या एक्सप्रेसवेवर जायचे आणि मिरिस्साशेजारच्या वेलिगामासाठी कोकमादुवच्या फाट्याला उतरायचे. टोल बाहेर पडताना घेतात आणि त्याची छापील पावती देतात. पावती हातात आल्याखेरीज टोलचा एक रुपयाही देऊ नये. मात्र पाठीवर पिशवी घेऊन पंधरा-वीस मिनिटे चालण्याची तयारी असेल, आणि ती नसेल तर या सहलीला जाऊच नये, तर व्हॅनची गरजच नाही. विमानतळाजवळच्या बसस्थानकावरून १८७ क्रमांकाची बस कोलंबोच्या फोर्ट भागात आणते, तिथून रेल्वे स्थानक चालत गाठता येते, आणि मातराकडे जाणाऱ्या गाडीत बसले की काम झाले. जलद गाड्या मिरिस्साच्या छोट्या स्थानकावर थांबतीलच असे नाही, म्हणून वेलिगामाला उतरून टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, करावी. जाताना उजव्या बाजूची खिडकी धरावी, कारण रूळ बराच वेळ समुद्राला अगदी चिकटून जातात. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया येते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथे प्रवाशांनी भरलेली अख्खी गाडी लाटेखाली गेली आणि हजाराहून अधिक माणसे मरण पावली. एरवी गडबड करणारे आमचे टोळके परतीच्या वाटेवर तेवढ्या पट्ट्यात गप्प होते.

शनिवारची संध्याकाळ मिरिस्साच्या वाळूवर गेली आणि ती उत्तम होती, तिच्याविषयी सांगण्यासारखे फार काही नाही. नारळाच्या झाडांची जी टेकडी सगळ्यांच्या छायाचित्रांत दिसते, ती खरोखर एवढीशी आहे आणि तिच्यावर चढण्यापेक्षा छायाचित्रासाठी रांगेत उभे राहण्यात अधिक वेळ जातो. मी पुन्हा जाणार नाही.

पोहण्याबाबत मात्र गंभीरपणे लिहितो. मिरिस्साला लाट किनाऱ्याजवळच फुटते आणि मागे सरकताना पाय ओढते, त्यामुळे बडोद्यातल्या सूरसागर तलावाच्या काठावर वाढलेल्या आणि तरणतलावात पोहायला शिकलेल्या माणसाने कमरेच्या पुढे जाऊ नये; मी गेलो, दोनदा उलटापालटा झालो आणि चष्मा कायमचा हिंदी महासागराला अर्पण केला. याच किनाऱ्यावरच्या उनावटुनाचे पाणी त्या मानाने शांत आहे. लाटेवर फळी घेऊन उभे राहणे शिकायचे असेल तर वेलिगामाचा उथळ, वाळूचा तळ असलेला उपसागर सर्वांत बरा. आणि हे सगळे नोव्हेंबर ते एप्रिल या काळापुरते. आपल्या परीक्षा संपून सुट्टी लागते ती मे-जूनमध्ये, आणि स्वस्त तिकिटेही तेव्हाचीच दाखवली जातात. पण नैऋत्य मोसमी पाऊस त्या वेळी याच किनाऱ्यावर आदळत असतो आणि समुद्र पोहण्याजोगा राहत नाही. त्या दिवसांत जायचेच असेल तर बेटाच्या पूर्वेला, अरुगम बे किंवा त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला जावे.

रविवारी सकाळी साडेसहाला मिरिस्साच्या बंदरातून देवमासे पाहायला बोट घेतली. तिथे समुद्राचा उथळ काठ अरुंद असल्यामुळे खोल पाणी किनाऱ्यापासून जवळच सुरू होते आणि निळा देवमासा, म्हणजे पृथ्वीवरचा सर्वांत मोठा प्राणी, तुलनेने जवळ दिसू शकतो. आम्हांला तो दिसला: आधी फवारा, मग राखाडी-निळी पाठ, जी संपता संपेना, आणि शेवटी शेपटी. त्या अर्ध्या मिनिटासाठी मी व्हॅनवाल्याला जवळजवळ माफ केले होते. परंतु लगेच चार बोटी त्या जागेकडे धावल्या, तेव्हा लाज वाटली. बोट ठरवताना ती देवमाशापासून अंतर राखते का, हे विचारावे आणि उत्तर देताना समोरचा हसला तर दुसरी बोट शोधावी. मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. आमच्यातल्या सर्वांत पिळदार शरीराच्या मित्राने, जो रोज कमाटीबागेत धावतो, बोटीच्या कठड्याला मिठी मारून तीन तास काढले.

जेवणाविषयी शाकाहारींना एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती आम्हांला कोणीही सांगितली नव्हती. खोबऱ्याची लाल चटणी, जिला तिथे पोल संबोल म्हणतात, दिसायला आपल्या ओल्या नारळाच्या चटणीसारखी निरागस असते, पण तिच्यात उंबलकड नावाच्या वाळवलेल्या माशाचा चुरा घालण्याची पद्धत आहे. भाज्यांतही तो पडतो. आमच्या जैन मित्राने शनिवारी दुपारी ती चटणी दोनदा मागून घेतली आणि नाव विचारले ते तिसऱ्यांदा. त्यानंतर तो घरून आणलेल्या थेपल्यांवरच जगला. "व्हेज" म्हटले की मासा चालतो असे काही ठिकाणी धरले जाते, म्हणून "मासा नको, उंबलकडही नको" असे स्पष्ट सांगावे. भाजी घातलेला कोत्तु, म्हणजे तव्यावर लोखंडी पात्यांनी खटाखट तुकडे केलेली रोटी, ही आपली फोडणीची पोळीच समजावी. ती रात्री गरम मिळते, पोट भरते आणि खिशाला परवडते.

कोग्गलाजवळ समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून गळ टाकणारे कोळी दिसतात. मोबाइल वर उचलण्याआधी पैसे ठरवावे. आम्ही आधी उचलला आणि मग पाच जणांचे पाच वेगवेगळे मोजले.

सोमवारी मी हट्टाने सर्वांना रेल्वेने आणले. गालेला दोन तास उतरून किल्ल्याच्या तटावरून चालत गेलो. पोर्तुगीजांनी सुरू केलेला आणि डचांनी भक्कम केलेला तो तट आणि त्याला खेटून असलेले क्रिकेटचे मैदान पाहण्यासाठी दोन तास अपुरे आहेत, रात्री तिथेच राहावे. पुढची गाडी गच्च भरलेली होती, दोघांना दाराशी उभे राहावे लागले, एक मैत्रीण अंबलनगोडापर्यंत कोणाच्या तरी भाजीच्या गोणीवर बसून आली. फोर्टला उतरून १८७ ची बस पकडली. रेल्वे आणि बस मिळून पाचजणांचे चार हजार चारशे श्रीलंकन रुपये झाले, आणि हा आकडा मी गाडीत बसल्याबसल्या तीनदा मोठ्याने वाचून दाखवल्यावर सगळ्यांनी मला गप्प बसायला सांगितले. बस उड्डाणापूर्वी चार तास तरी पकडावी, कारण संध्याकाळी कोलंबोतून बाहेर पडतानाच ती तासभर अडकली होती, आणि आम्ही सामान घेऊन धावतच आत शिरलो.